घटस्फोटात मेसेजचा पुरावा: आपल्या फोनमधले की जोडीदाराच्या?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतून कुणी माझ्याकडे, वकिलाकडे, घटस्फोटाचं विचारायला आलं की बसता बसता फोन पुढे करतं. "ताई, सगळं यात आहे." मी आधी एकच विचारते: हे मेसेज तुम्हाला आलेले आहेत, की जोडीदाराच्या फोनमधून काढलेत?

तुम्हाला आलेले असतील तर तुमची बाजू बरीच भक्कम. शिवीगाळ, पैशांची मागणी, "माहेरीच राहा" असं लिहिलेलं, हे सगळं तुम्हालाच उद्देशून आहे. ते कोर्टापुढे ठेवण्यात चोरी कसली? घोळ होतो तो जपण्यात. एक मुलगी स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रिंटचा गठ्ठा घेऊन आली होती. प्रत्येक पानावर वर नाव नुसतं 'अहो', नंबर कुठेच नाही, निम्म्या पानांवर तारीख कापली गेलेली. मूळ फोन कुठंय म्हटलं, तर दिवाळीत एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेला. तिनं सोसलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं, याची मला खात्री आहे. म्हणूनच तो गठ्ठा बघून जीव तुटला.

मूळ फोनचं महत्त्व जालन्याच्या एका निवडणूक खटल्यातून पक्कं झालं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं की मालकानं मूळ उपकरणच कोर्टात हजर करून सिद्ध केलं तर, नक्कल कोणत्या उपकरणातून कशी घेतली ते सांगणारं प्रमाणपत्र लागत नाही. प्रिंट किंवा पेन ड्राइव्ह दिला तर लागतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही प्रमाणपत्राची अट कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक तुमच्या सहीचा, एक तज्ज्ञाच्या, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा आकडी ठसा, नोंदवावी लागते. कुटुंब न्यायालय कायद्याचं कलम १४ पुराव्याच्या बाबतीत बरीच सूट देतं, पण त्या भरवशावर मी पक्षकाराला पेशीला उभं करत नाही.

आता दुसरी वाट, जोडीदाराच्या फोनमधून काढलेल्या मेसेजची. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आपल्याच ग्वाल्हेर खंडपीठापुढे असं प्रकरण होतं: नवऱ्यानं बायकोच्या फोनमध्ये तिच्या नकळत ॲप टाकलं आणि तिचे व्हॉट्सॲप मेसेज आपसूक त्याच्याकडे येत राहिले. तिनं खासगीपणाच्या हक्काचा मुद्दा मांडला. तरी कोर्टानं कलम १४ च्या आधारे तो पुरावा घेता येईल असं ठरवलं. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही पती-पत्नीतल्या चोरून रेकॉर्ड केलेल्या संभाषणाचा पुरावा ग्राह्य धरला.

हे ऐकून लोक खूश होतात. मला काळजी वाटते. पुरावा घेतला म्हणजे तो खरा मानला असं होत नाही, आणि तो ज्या मार्गानं मिळवला त्याची जबाबदारीही सुटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली दुसऱ्याच्या फोनशी अशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. घटस्फोटाच्या एका केसची दोन होतात, आणि दुसरीत तुम्ही आरोपी असता. मेसेज तुमच्याच फोनवर पुरेसे असतील तर या वाटेला जाऊच नका, असं मी स्पष्ट सांगते.

दोघंही वेगळं व्हायला तयार असतील तर मेसेज लागतच नाहीत. एक वर्ष वेगळं राहून परस्पर संमतीचा अर्ज करता येतो; पुढची सहा महिन्यांची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. लढावंच लागलं, तर सुनावणी बंद दाराआड मागा. दोघांपैकी एकानं मागितली तरी कुटुंब न्यायालयाला ती द्यावी लागते. मुलींना हे माहीतच नसतं, आणि घरातलं बोलणं चारचौघांत वाचलं जाईल या भीतीनं त्या गप्प बसतात.

ठरवायला वेळ लागला तरी चालेल, पण एवढं आजच करा. त्या चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे मेसेज चालू असतील तर ते बंद करा. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. 'अहो'च्या जागी नंबर दिसेल असं बघा. आणि फोन जुना झाला, काच तडकली, तरी तो कपाटात ठेवा.