धोबीतलावचं बुटांचं दुकान: सहा टीम बदलल्या, दुकान तेच

मरीन लाइन्सला उतरून मेट्रो सिनेमाकडे चालत आलात की स्पोर्ट्सच्या दुकानांची रांग लागते ना, त्यातलंच हे एक. बोर्ड इतका उडालाय की नाव वाचायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मी 2006 पासून जातोय. त्या वर्षी महिंद्रा युनायटेडने, म्हणजे महिंद्रा कंपनीच्या टीमने, फुटबॉलची नॅशनल लीग मारली होती आणि मी मुंबईच्या हारवूड लीगच्या पार तळाला, परळच्या एका क्लबकडून मिडफिल्डला होतो, म्हणजे सगळ्यांची धावपळ आपण करायची आणि टीमच्या फोटोत कोपऱ्यात अर्धं कापलं जायचं.

तेव्हापासून सहा टीम झाल्या. क्लब, मग दुसरा क्लब, मग एका बँकेकडून गेस्ट, असं करत करत. दर वेळी दुकानवाले काका माप घ्यायच्या आधीच विचारतात, "काय रे, आता कुठली टीम?" सुरुवातीला जाम राग यायचा, वाटायचं टोमणा मारतायत. नंतर कळलं, त्यांना टीमशी घेणंदेणं नाही, ग्राउंड कुठलं ते हवं असतं.

आणि इथेच हे दुकान जिंकतं. मॉलमध्ये पोरगा रंग दाखवतो, इथे स्टड, म्हणजे बुटाच्या तळाचे उंचवटे, दाखवतात. कूपरेज किंवा बांद्र्याचं नेव्हिल डिसूझा (हो तेच, 1956 च्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला हॅटट्रिक मारणारे, आपल्या मुंबईचे) असलं आर्टिफिशियल ग्राउंड असेल तर एजी (आर्टिफिशियल ग्राउंडचे बूट), आखूड आणि जास्त स्टडवाले. लांब स्टडचे एफजी (फर्म ग्राउंड, म्हणजे घट्ट नैसर्गिक मैदानाचे) तिथे अडकतात, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो, मिडफिल्डवाल्याला तर मिनिटाला वळावं लागतं. मातीच्या मैदानाला एफजी चालतात. मी एकदा हट्टाने एफजी घेऊन आर्टिफिशियलवर खेळलो, दीड महिना लंगडत होतो, काकांना अजून सांगितलेलं नाही.

आता तक्रार. एक जोड पावसात दोन महिन्यांत तोंड उघडून बसला. काका म्हणे, "गॅसजवळ वाळवलास ना?" वाळवला होता, खरंय. फुकट चिकटवून दिला पण तीन आठवडे लावले, तोवर मित्राचे एक नंबर मोठे बूट घालून खेळलो, अंगठ्याचं नख काळं पडलं. बिल मागितलं की चेहरा पडतो, बदलून द्यायचं नावच नाही, आणि ट्रायल घ्यायला एकच स्टूल, त्यावर पण बॉक्स ठेवलेले.

माल बदललाय पण. पूर्वी कंपन्यांच्या टीमच्या ऑर्डरी असायच्या, 2010 ला महिंद्राने टीम बंद केली, 2013 ला एअर इंडिया आय-लीगमधून, म्हणजे नॅशनल लीगच्या जागी आलेल्या लीगमधून, बाहेर गेली, खेळून नोकरी लागेल म्हणणारे आमच्यासारखे पण हळूहळू गळाले. आता शेल्फवर अकॅडमीच्या पोरांचे टिचभर बूट.

मागच्या महिन्यात गेलो तर परत तोच प्रश्न. म्हटलं, ऑफिसची टीम, अंधेरीचा टर्फ, रात्री दहाचा स्लॉट. काकांनी न विचारता टीएफ (टर्फचे, बारीक स्टडवाले) काढले आणि वर नी-कॅप ठेवली. नी-कॅपचे पैसे वेगळे लावले, पन्नास कमी करा म्हटलं तर ऐकूच आलं नाही. चार स्टार, एक स्टूलसाठी कापला.