युरोपातून मागवलेली आणि वाळूजमध्ये घडवलेली : दोन ट्रायल्स फ्रेमचा वापरानंतरचा अनुभव

जमिनीला पाय न लावता खडक, कठडे आणि ओंडके यांवरून सायकल नेणे हाच ट्रायल्सचा खेळ असल्यामुळे या सायकलीच्या फ्रेमकडून असलेल्या अपेक्षा इतर सायकलींहून बऱ्याच वेगळ्या असतात. सीट नसली तरी अडत नाही. मात्र मागच्या एकाच चाकावर उभे राहून उडी घेताना मागचा त्रिकोण (मागचे चाक धरणाऱ्या नळ्या) किंचित जरी फाकला तरी ते तळपायाला लगेच कळते. गेल्या दिवाळीपासून या पावसाळ्यापर्यंत मी छत्रपती संभाजीनगरात २६ इंची चाकांच्या दोन फ्रेम आलटून पालटून वापरल्या. एक युरोपातून मागवलेली, कारखान्यात एकाच साच्यातून निघणारी अ‍ॅल्युमिनियमची. दुसरी वाळूज एमआयडीसीतल्या एका लहान फॅब्रिकेशन शॉपमध्ये घडवून घेतलेली ४१३० क्रोमोली (क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेल्या) पोलादाची. फोर्क, हँडल, क्रँक (पॅडलचे दांडे) आणि दोन्ही चाके तीच ठेवली होती. मागच्या हबवर डिस्कची बैठक होती आणि रिमही घासलेली होती, त्यामुळे चाक न बदलता दोन्ही प्रकारचे ब्रेक लावून पाहता आले. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, मापे अंगाला बसावीत म्हणून फ्रेम घडवून घेण्यात फारसा अर्थ नाही. ब्रेक, सुटे भाग आणि दुरुस्ती गावातल्या गावात व्हावी म्हणून मात्र ती जरूर घडवून घ्यावी.

मापांचे आधी सांगतो, कारण चर्चा नेहमी त्यांचीच होते. तयार फ्रेमचा व्हीलबेस (दोन आसांमधले अंतर) १०८५ मिलिमीटर, चेनस्टे (क्रँकपासून मागच्या आसापर्यंतची नळी) ३८० मिलिमीटर, आणि बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरतो तो सांधा) दोन्ही आसांना जोडणाऱ्या रेषेच्या ४५ मिलिमीटर वर आहे. घडवलेल्या फ्रेममध्ये मी चेनस्टे तोच ठेवला, व्हीलबेस दहा मिलिमीटरने कमी केला आणि बॉटम ब्रॅकेट ३० मिलिमीटरवर आणला. बॉटम ब्रॅकेटचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. तो वर असला की मागच्या चाकावर चढणे आणि तिथून पुढची उडी घेणे सोपे जाते. खाली असला की सायकल अधिक स्थिर वाटते आणि उतारावर धीर येतो. व्हीलबेसमधला फरक मात्र काही आठवड्यांतच अंगवळणी पडला. खरे तर तयार फ्रेमची मापे कोणा एकाच्या लहरीने ठरलेली नसतात. मोटरसायकल ट्रायल्समध्ये नाव कमावलेल्या पेरे पी यांनी स्पेनमधल्या कॅटलोनियात आपला मुलगा ओत पी याच्यासाठी सायकल बनवली, त्यातून माँटी हा ब्रँड उभा राहिला, १९८६ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, आणि तेव्हापासून ही मापे स्पर्धेच्या मैदानावर मिलिमीटर मिलिमीटरने सरकत आली आहेत. त्यांच्यापेक्षा चांगली मापे आपण घरच्या टेबलावर काढू, ही अपेक्षा ठेवू नये. मीही तयार फ्रेमचीच मापे समोर ठेवून दोन आकडे बदलले, एवढेच.

आता पोलाद का, याविषयी. घडवलेली फ्रेमही अ‍ॅल्युमिनियमचीच असावी असे मला वाटत होते, पण त्यात अडचण वेल्डिंगची नसून त्यानंतरच्या भट्टीची आहे. ट्रायल्स फ्रेमसाठी नेहमी वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू जोडाजवळ तापला की त्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. ती परत मिळवायची तर संपूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात विझवावी लागते, विझवताना ती वाकते म्हणून लगेच सरळ करावी लागते, आणि मग कमी तापमानाला कित्येक तास ठेवावी लागते. कारखान्यात हे काम शंभर फ्रेमच्या घाण्यात होते. एका फ्रेमसाठी भट्टी लावायला आमच्याकडे कोणीही तयार झाले नाही, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. ४१३० पोलादाच्या पातळ नळ्यांना आर्गन वेल्डिंगनंतर अशी भट्टी लागत नाही, त्या हवेतच थंड झाल्या तरी चालतात. शिवाय या नळ्या मिळवणेही वाटते तितके अवघड नाही, कारण अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहा या ऑफ-रोड गाड्या बनवण्याच्या स्पर्धेसाठी गाड्यांचे पिंजरे याच पोलादाचे करतात आणि ज्यांच्याकडून ते नळ्या आणतात ते व्यापारी तुकडेही विकतात.

वेल्डरच्या निवडीबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. गेट, ग्रिल आणि शेड करणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी ०.९ मिलिमीटर जाडीच्या नळीवर त्याचा हात चालेलच असे नाही. माझी फ्रेम ज्या मामूंनी जोडली त्यांची उमेदीची वर्षे बिअर कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपलाइनवर गेली आहेत. पातळ नळी, चाळीसेक अँपिअरचा करंट आणि नळीच्या आतून सोडलेला आर्गन हे त्यांचे रोजचे काम आहे. आराखडा पाहून ते एवढेच म्हणाले, "हौ, हो जाता, पर पाइप का मुँह बराबर काट के लाव, गॅप मैं नै भरता." त्यांचा हा हट्ट योग्यच होता, कारण एका नळीचे तोंड दुसरीच्या गोलाईत फट न राहता बसले तरच पातळ जोड टिकतो. नळ्यांची तोंडे शेवटी मिलिंग मशीनवर कापून घेतली आणि त्यात वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ गेला. जोड दिसायला कारखान्याच्या जोडांइतके एकसारखे नाहीत, पण ते जळालेले किंवा वरवरचे कुठेही नाहीत.

सर्वांत मोठा फरक मागच्या ब्रेकचा आहे, आणि खरेदीपूर्वी मी वाचलेल्या मजकुरात तो फारसा कुठे आला नव्हता. तयार फ्रेमवर फक्त हायड्रॉलिक रिम ब्रेकची चार बोल्टांची बैठक आहे. या ब्रेकसाठी रिमच्या कडा ग्राइंडरने मुद्दाम खरबरीत करतात आणि त्यावर कडक पॅड वापरतात. कोरड्या, स्वच्छ जागी त्याची पकड अशी असते की, बोट टेकताच चाक जागच्या जागी थिजते, आणि ट्रायल्समध्ये याहून जास्त काही नको असते. आमच्या भागात मात्र शहरालगतच्या सातारा डोंगराच्या पायथ्याचा मुरूम आणि त्याची बारीक धूळ त्या खरबरीतपणात भरते, पॅड लवकर झिजतात, आणि रिम पुन्हा घासावी लागते. प्रत्येक घासणीबरोबर रिमची भिंत थोडी पातळ होते ते वेगळेच. पावसाळ्यात काळी माती पॅडला चिकटली की पकड अर्ध्यावर येते. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. या ब्रेकचे तेल बंदिस्त असते, त्याला प्रसरण पावायला वेगळी टाकी नसते. त्यामुळे पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असताना सायकल उन्हात ठेवली तर पॅड आपोआप रिमच्या जवळ सरकतात आणि चाक घासू लागते. लिव्हरवरची चकती फिरवून ते सोडवता येते, पण संध्याकाळी हवा निवली की पुन्हा उलटे फिरवावे लागते.

घडवलेल्या फ्रेमवर मी ५१ मिलिमीटर अंतराच्या दोन बोल्टांची डिस्क बैठक लावून घेतली. डिस्कची पहिली पकड घासलेल्या रिमइतकी तात्काळ नाही, हे मान्य केले पाहिजे. पॅड कॅलिपरमध्ये केसभर हलतात आणि चाक तेवढे मागेपुढे होते. अरुंद कठड्यावर मागच्या चाकावर थांबलेले असताना ते जाणवते. तरीही मी डिस्कच्या बाजूने आहे. तिचे पॅड आणि तेल शहरातल्या सायकलच्या दुकानात मिळतात, ती चिखलापासून दूर राहते, आणि तिच्या तेलाला टाकी असल्यामुळे उन्हाळ्याचा त्रास होत नाही. डिस्कची बैठक असलेल्या तयार फ्रेमही बाजारात आहेत. पण मला हवी ती मापे, हवी ती बैठक आणि परवडणारी किंमत या तिन्ही गोष्टी एकाच फ्रेममध्ये मिळाल्या नाहीत.

तयार फ्रेम जिथे निर्विवाद सरस ठरते ती गोष्ट म्हणजे सरळपणा. तिचे दोन्ही ड्रॉपआउट (मागचे चाक बसते त्या खाचा), हेड ट्यूब (हँडलखालची पुढची नळी) आणि बॉटम ब्रॅकेट एका प्रतलात इतके नेमके आहेत की चाक बसवले की साखळी आपोआप रेषेत येते. ट्रायल्स सायकलला एकच गिअर असतो, माझ्याकडे पुढे १८ आणि मागे १५ दात आहेत, आणि फ्रीव्हील, म्हणजे पॅडल थांबले तरी चाक फिरू देणारा भाग, मागे नसून क्रँकवर असते. साखळी रेषेत नसेल तर ती ऐन जोर लावताना उडते, आणि पॅडलवर पूर्ण वजन असताना ती उडाली तर नडगी किंवा दात यांपैकी काहीतरी जाते. घडवलेली फ्रेम सरफेस प्लेट या अगदी सपाट पाटावर ठेवून हाइट गेज या उंचीमापकाने मोजली तेव्हा मागची बाजू दीड मिलिमीटर कललेली निघाली. पोलाद असल्यामुळे ती थंड अवस्थेतच वाकवून सरळ करता आली. अ‍ॅल्युमिनियमच्या तयार फ्रेमवर असा प्रयोग कोणी करू नये. ताठपणातही कारखान्याची फ्रेम थोडी पुढे आहे, कारण पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ असले तरी जाड व्यासाची नळी त्याची भरपाई करून वर उरते. फ्रीव्हील एका फेऱ्यात १०८ ठिकाणी पकडत असल्यामुळे पॅडलची ढिलाई साडेतीन अंशांच्या आत राहते, आणि मग फ्रेमची लवचिकता हीच सर्वांत मोठी ढिलाई म्हणून पायाला कळू लागते.

तड्यांची तपासणी मी दोन्ही फ्रेमवर डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टने करतो. लाल रंग फवारायचा, दहा मिनिटांनी पुसायचा आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. हे डबे एमआयडीसीत कुठेही मिळतात. तयार फ्रेमच्या चेनस्टेवर, बॉटम ब्रॅकेटच्या अगदी मागे, उन्हाळ्याच्या शेवटी अशी रेघ दिसली. तिच्यावर पुन्हा वेल्डिंग करता येते, पण भट्टीशिवाय तो भाग मऊच राहणार, आणि विक्रेत्याने हमीत घ्यायचे मान्य केले तरी परत पाठवण्याचा खर्च माझ्यावर टाकला. घडवलेल्या फ्रेमलाही तडा गेला, डिस्कच्या बैठकीला आधार देणाऱ्या आडव्या नळीच्या टोकाशी. मामूंनी तो खरवडून पुन्हा भरला, टोकाला पट्टी जोडली आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दगडांवर होतो. आमचा सच्छिद्र बेसाल्ट टायरला उत्तम पकड देतो, पण कडा धारदार असल्यामुळे फ्रेमच्या पोटाला तो सोडत नाही. त्यामुळे तडे येणार हे गृहीत धरलेलेच बरे. (लेण्यांच्या आणि किल्ल्यांच्या संरक्षित दगडांवर सायकल नेऊ नये, हे वेगळे सांगायची गरज पडू नये.)

वजनात पोलादाची फ्रेम माझ्या काट्यावर २.७ किलो भरते, अ‍ॅल्युमिनियमची १.९ किलो. हा फरक उंच उडीत जाणवतो, इतरत्र नाही. तयार फ्रेम शुल्क आणि वाहतूक धरून साठ हजारांच्या पुढे गेली. घडवलेलीला नळ्या, मशीनिंग आणि मजुरी मिळून तीस हजारांच्या आत खर्च आला, मात्र ती हाती यायला तीन महिने लागले, कारण दुकानाच्या नेहमीच्या कामांतून वेळ उरेल तेव्हाच ती पुढे सरकत होती. रंग मी पावडर कोटिंगऐवजी साध्या स्प्रेचा पातळ थर देऊन घेतला. जाड थराखाली तडा उशिरा दिसतो.

कोणी आमच्याकडे अशी फ्रेम करून घेणार असेल तर बॉटम ब्रॅकेटचे ७३ मिलिमीटरचे शेल (बाहेरची नळी) आटे पाडलेले विकत आणावे, कारण त्याच्या एका बाजूचे आटे उलटे असतात आणि तो टॅप सहसा कोणाकडे नसतो. हेड ट्यूब वेल्डिंगच्या उष्णतेने किंचित लंबगोल होते, म्हणून ती वेल्डिंगनंतरच ३४ मिलिमीटरच्या बेअरिंग कपांसाठी रीमरने आतून गोल करून घ्यावी. आणि प्रत्येक नळीला आतल्या बाजूने हवा जाण्याचे भोक ठेवले आहे की नाही, हे जोडणी सुरू होण्यापूर्वी स्वतः पाहावे, कारण बंद नळीतली तापलेली हवा शेवटचा टाका पूर्ण होऊ देत नाही, आणि पावसाळ्यानंतर आत गंजरोधक तेल सोडायलाही तेच भोक उपयोगी पडते.