जुन्या गाडीला पार्ट कोणता टाकायचा: कंपनीचा, सप्लायरच्या डब्यातला की लोकल?

जुनी झेन, 800, इंडिका, सुमो अशी गाडी जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अजून कितीतरी घरांत आहे आणि बहुतेकांना ती विकायची नसतेच, कारण विकून हातात येतं किती? अडतं ते पार्टपाशी. काउंटरवरचा माणूस तीन माल समोर ठेवतो, कंपनीचा ओरिजिनल, त्याच कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या सप्लायरचा स्वतःच्या डब्यातला, आणि साध्या प्लास्टिकच्या पिशवीतला लोकल, आणि विचारतो, भाऊ कोणता देऊ. माझी झेन आहे, जुनी गोल वाली, एस्टिलो नाही. तिच्यावर हे तिन्ही माल लावून झालेत म्हणून लिहितोय, बाकी एकाच गाडीचा अनुभव आहे, तुमचा थोडा वेगळा निघू शकतो.

कंपनीच्या पार्टबद्दल फार सांगायची गरज नाही. बसतो. भोकं जुळतात, कानस मारावी लागत नाही. अडचण एवढीच की झेन 2006 ला बंद झाली, 800 पण जानेवारी 2014 ला थांबली. फिल्टर, प्लग असल्या गोष्टी मिळतात, पण त्या मॉडेलपुरताच असलेला पार्ट मागितला की ऑर्डर टाका, ॲडव्हान्स द्या आणि वाट बघा, आणि तोवर गाडी गॅरेजच्या दारात उभी. तरी टायमिंग बेल्ट आणि इंजिनच्या गॅस्केटसाठी मी थांबतो, तिथं घाई करू नये असं मला वाटतं.

लोकल माल सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. मडफ्लॅप, साइड मिरर, हँडल, बंपरच्या क्लिपा हे लोकल चालतं. क्लिप तुटली तर दुसरी लावता येते. ब्रेकच्या कुठल्याच वस्तूत लोकल नको, यावर वाद घालायचाच नाही.

माझा निर्णय झाला तो लोअर आर्मच्या बुशमुळे. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यात बसणारा, मधे लोखंडी नळी असलेला रबराचा तुकडा. डाव्या बाजूचा गेला होता, त्या दिवशी दुकानात लोकलच होता, तो लावला. लावल्या लावल्या गाडी एकदम मस्त. मग मे महिना आला, इकडे जळगाव-भुसावळला 45 अंश म्हणजे नेहमीचंच, आणि पारोळ्याकडून येताना प्रत्येक स्पीड ब्रेकरला डावीकडून कट्ट असा आवाज सुरू झाला, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थोडं एका बाजूला ओढायला लागलं. मेकॅनिकनं आर्म काढून माझ्या हातात दिला. मधली लोखंडी स्लीव्ह बोटानं गोल फिरत होती, म्हणजे रबर आणि लोखंड एकजीव असायला पाहिजे तेच सुटलेलं. रबरावर नख ओढलं तर नखाखाली राखाडी भुकटी आली. उजव्या बाजूचा बुश अजून कंपनीचाच होता, कितीतरी जुना, वरून बारीक तडे गेलेले, पण स्लीव्ह जागची हलत नव्हती. मेकॅनिक अमळनेरकडचा, तो एवढंच म्हणाला, "हाऊ माल बेकार शे भाऊ."

यामागं कारण आहे. स्वस्त बुशमधे नवं रबर कमी आणि जुनं गाळून काढलेलं रबर आणि खडूसारखी भर जास्त असते. वरून लोखंड नीट साफ करून चिकटवण्याचं काम वेळखाऊ, तिथंही काटछाट होते. गरमीत रबर लवकर म्हातारं होतं, ढोबळ हिशोब असा की तापमान 10 अंश वाढलं की तो वेग साधारण दुप्पट. म्हणून थंड गावात एखादा लोकल बुश बरा टिकत असेलही, आपल्याकडे अवघड आहे.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे की बुश लोकल असो की भारी, मेहनत तेवढीच लागते. चाक काढा, आर्म काढा, प्रेसवाल्याकडे न्या, बुश दाबून बसवा, परत जोडा, मग व्हील अलाइनमेंट. पार्टच्या किमतीपेक्षा मजुरी मोठी, आणि ती पार्ट गेला की परत पहिल्यापासून द्यायची, प्रेसवाल्याकडे लाइट नसली तर दिवस गेला तो वेगळाच. पार्टमधे वाचलेले पैसे मजुरीत गेले. म्हणून माझा साधा नियम झालाय, जो पार्ट बदलायला खोलावं जास्त लागतं त्यात लोकल घ्यायचा नाही.

उरतो सप्लायरचा डबा, आणि खरं सांगायचं तर मी आता जास्तीत जास्त तोच घेतो. गॅब्रिएलचे शॉक, राणेचे टाय रॉड एंड, एसकेएफचं बेअरिंग, लुकास टीव्हीएसचा स्टार्टर, ही मंडळी गाडी कंपन्यांना माल देणारीच आहेत. कंपनीच्या डब्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतो आणि धुळ्या-जळगावच्या मोठ्या दुकानात तिथल्या तिथं मिळतो. माझ्या गाडीत दुसऱ्या वेळेला असाच बुश बसवला, दोन उन्हाळे झाले, आवाज नाही. सगळ्याच पार्टना असा डबा मिळेल असं नाही, तेव्हा कंपनीचा.

फक्त डब्यावर भुलू नका, कारण डुप्लिकेट डबे पण फिरतात. पाकिटावर एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता कायद्यानं असायलाच पाहिजे, नसेल तर परत करा. आणि पक्कं बिल मागा. दुकानदार म्हणेल बिलावर जीएसटी लागेल, लागू दे, सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या पार्टवर 18 टक्केच आहे, आधी बऱ्याच पार्टवर 28 होता. बिल नसेल तर वॉरंटीचं नाव कुणी काढत नाही.

अजून एक, पेट्रोलचा पाइप. आता पंपावर ई20 पेट्रोल येतंय, म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि आपल्या गाड्या त्याच्या कितीतरी आधीच्या. जुनं किंवा हलकं रबर इथेनॉलमधे फुगतं, मऊ पडतं, मग जॉइंटला झिरपतं. मीटरवर मिळणारा बिननावाचा पाइप तिथं अजिबात लावू नका, इथेनॉलला चालेल असं लिहिलेलाच मागा, थोडा महाग पडला तरी. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी दाखवा.

कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला जुना ओरिजिनल पण काही जण सुचवतात. स्टेअरिंगचा नकल (ज्यावर पुढचं चाक बसतं आणि वळतं तो भाग), दरवाजा, हब असं निव्वळ लोखंड असेल तर हरकत नाही, रबर असलेलं काहीही जुनं घेऊ नका.

15 वर्षांनंतर आरसी रिन्यू केली की ती 5 वर्षांसाठी होते. तेवढं चालवायचंच ठरवलं असेल तर लोअर आर्म बुश, इंजिन माउंटिंग, रेडिएटरचा होज पाइप हे तिन्ही सप्लायरच्या डब्यातले घ्या, शक्यतो मार्चच्या आत बदलून घ्या, आणि काढलेला जुना पार्ट मेकॅनिककडून मागून घेऊन एकदा हातात धरून बघा.