पोर्टफोलिओ: पीडीएफ की वेबसाइट?

डिझाइनच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ, म्हणजे आपल्या निवडक कामांचा संच, लावायला घेतला की हा प्रश्न हमखास आडवा येतो. संस्थेने एकच प्रकार मागितला असेल तर विषय संपला, नियमावलीपुढे माझ्या मताला काही किंमत नाही. पण 'पीडीएफ किंवा लिंक' अशी मुभा असेल तर निवड करावी लागते. मी दोन्ही बनवून पाहिलं.

वेबसाइटचं आकर्षण खोटं नाही. फाइल किती एमबीची झाली याची धास्ती नसते, हलणारं काम खरंच हलताना दिसतं आणि दिसायलाही ती रुबाबदार असते. अर्ज गेल्यावरही चित्र बदलता येतं, हा फायदा की मोह, हे ज्याच्या त्याच्या स्वभावावर.

मला तिने छळलं ते वेगळ्याच ठिकाणी. कच्चं रेखाटन आणि पक्कं काम शेजारी शेजारी ठेवण्यावर माझी सगळी भिस्त होती. एका खुर्चीच्या पानावर डावीकडे पेन्सिलची रेखाटनं होती, पाठीचा कोन कसा बदलत गेला ते दाखवणारी, आणि उजवीकडे तयार मॉडेलचा फोटो. लॅपटॉपवर झकास. मोबाइलवर उघडलं तर वेबसाइटच्या तयार साच्याने दोन्ही रकाने एकाखाली एक लावून टाकले, त्यातही फोटो वर आणि रेखाटनं पार खाली. 'डावीकडचा कोन पाहा' ही ओळ मात्र जागची हलली नव्हती, आणि तिच्या डावीकडे काहीच नव्हतं. एक पान नीट करावं तर दुसरं बिघडायचं. विचार कसा पुढे सरकला हे दाखवायलाच तर पोर्टफोलिओ करायचा, आणि तो क्रम समोरच्याच्या स्क्रीनच्या रुंदीवर सोपवायचा? माझं मन तिथेच उडालं.

पीडीएफमध्ये जे जिथे ठेवलं ते तिथेच राहतं. फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड केले की अक्षरंही दगा देत नाहीत. छोट्या स्क्रीनवर बोटांनी मोठं करून पाहावं लागतं हे मान्य, पण मांडणी तुमचीच राहते.

पीडीएफचं दुखणं म्हणजे फाइलचं वजन. 300 पीपीआयची (दर इंचाला 300 पिक्सेल असलेली) चित्रं 150 वर आणली की पिक्सेल एक चतुर्थांश उरतात, आणि स्क्रीनवर बघणाऱ्याला सहसा फरक कळत नाही. मात्र सगळी फाइल एका फटक्यात कॉम्प्रेस करू नका. सपाट रंगांचं पोस्टर ते निभावून नेतं, पेन्सिलची फिकट रेघ मात्र पुसट होते, नाहीतर तिच्याभोवती जेपेग या चित्रप्रकारात चित्र फार दाबलं की येणारे चौकोनी डाग उठतात. रेखाटनांना दर्जा जास्त ठेवा, बाकीच्यांवर कात्री चालवा. छपाईसाठी केलेलं काम सीएमवायकेत (छपाईच्या शाईच्या रंगपद्धतीत) असेल तर आरजीबीत (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) बदलून रंग पुन्हा तपासा. पान आडवं, 1920 बाय 1080 च्या प्रमाणात घेतलं तर लॅपटॉपवर एका नजरेत मावतं.

अ‍ॅनिमेशन किंवा अ‍ॅपचे इंटरफेस हेच तुमचं मुख्य काम असेल, तर कदाचित माझं ऐकू नका. पीडीएफमध्ये घातलेला व्हिडिओ ब्राउझरमध्ये बहुधा चालत नाही, आणि हालचाल हाच ज्याचा जीव आहे ते काम स्थिर चौकटीत मरून जातं. तरीही मी असतो तर पीडीएफच पाठवली असती: निवडक फ्रेम ओळीने लावून, खाली व्हिडिओची लिंक. ती लिंक प्रायव्हेट विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडून बघा, कारण 'परवानगी मागा' अशी पाटी पाहून थांबायला परीक्षकांना वेळ नसतो. आणि पत्ता नुसत्या बटणामागे लपवू नका, अक्षरांत पूर्ण लिहा, कारण काही प्रवेश-पोर्टलवर पानं चित्रांसारखी दिसतात आणि बटण दाबलंच जात नाही.