मूत्रपिंडातला व्हॅस्क्युलायटिस: सायक्लोफॉस्फामाइड की रिटुक्सिमॅब?

एएनसीए व्हॅस्क्युलायटिस म्हणजे शरीराच्याच पेशींवर उलटलेल्या प्रतिपिंडांमुळे (एएनसीए) लहान रक्तवाहिन्यांना येणारी सूज. त्यात मूत्रपिंडाच्या गाळण्यांमधल्या केशवाहिन्या सुजून फुटतात. लघवीत रक्त आणि प्रथिनं उतरतात, क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसलं की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ) काही आठवड्यांत चढतं. हाताशी वेळ फार थोडा असतो. स्टेरॉइडसोबत मग सायक्लोफॉस्फामाइड आणि रिटुक्सिमॅब यांपैकी एक औषध निवडावं लागतं.

सायक्लोफॉस्फामाइड जुनं, भरवशाचं. पण त्यानं वंध्यत्व येऊ शकतं, मूत्राशयाला इजा होऊ शकते, पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. रिटुक्सिमॅबचा रोख बी पेशींवर, म्हणजे प्रतिपिंडं बनवण्यामागच्या पांढऱ्या पेशींवर. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत ते तोडीस तोड ठरलं, आजार उलटलेल्या रुग्णांत तर सरस. तरुण रुग्णांत आधी त्याचाच विचार व्हावा, असं मला ठामपणे वाटतं. मात्र त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी हवीच. क्रिएटिनिन ४ मिग्रॅ/डेसिलिटरच्या वर असेल, तर अनेक डॉक्टर अजूनही सायक्लोफॉस्फामाइडकडे वळतात किंवा दोन्ही एकत्र देतात. जंतुसंसर्गाची भीती दोन्हींतही आहे.