शोधनिबंध शोधायला कुठे जावं: गूगल स्कॉलर, पबमेड, सिमँटिक स्कॉलर की एआयचं तयार उत्तर?

एखाद्या प्रश्नावर विज्ञानाचं म्हणणं काय आहे हे पाहायला बसलं की दोन वेगळी कामं एकमेकांत गुंततात. त्या प्रश्नावरचे पेपर सापडणं हे एक काम, आणि सापडलेला पेपर नेमकं काय सांगतो हे कळणं हे दुसरं. एका कामात पटाईत असलेलं साधन दुसऱ्यात कच्चं असू शकतं. म्हणून ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ असं कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारतो: तुम्हाला कुठली चूक परवडणार नाही? महत्त्वाचा पेपर नजरेतून निसटला तर चालणार नाही, की हाती आलेल्या पेपरचा अर्थ चुकला तर?

तुलनेसाठी एकच प्रश्न घेऊ. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्याने हाडं मोडण्याचा धोका कमी होतो का?

गूगल स्कॉलर 2004 च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि आजही बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. त्याचं कारण सरळ आहे. विषयाची अट नाही. पेपर, प्रबंध, पुस्तकं सगळं एकाच पेटीत शोधता येतं, आणि शोध फक्त शीर्षकात नाही तर बऱ्याचदा पूर्ण मजकुरात होतो. एखादी पद्धत किंवा रसायन कुणी कुठे ओझरतं वापरलं असेल, तर ते इथेच सापडण्याची शक्यता जास्त. ‘सायटेड बाय’ ही दुवा-ओळ तर सोन्यासारखी आहे, कारण जुन्या पेपरवरून त्याचा आधार घेणाऱ्या नव्या पेपरांपर्यंत एका क्लिकमध्ये पोचता येतं.

पण क्रम लावताना स्कॉलर उद्धरणांना, म्हणजे इतर पेपरांनी किती वेळा संदर्भ दिला याला, बरंच वजन देतं, त्यामुळे जुने, नावाजलेले पेपर वर बसतात आणि गेल्या दोन-तीन वर्षांतलं काम खाली ढकललं जातं. आपल्या प्रश्नाबाबत ही अडचण खरी आहे. व्हायटल या मोठ्या चाचणीचे हाडांबाबतचे निष्कर्ष 2022 साली आले, आणि त्याआधीच्या वीस वर्षांतले पेपर आशादायक सुरात बोलणारे भरपूर आहेत. शिवाय कितीही निकाल असल्याचं सांगितलं तरी पाहायला मिळतात पहिले 1000 च. जर्नल दर्जेदार आहे की पैसे घेऊन काहीही छापणारं, याची चाळणीही तिथे नाही.

पबमेडचा स्वभाव नेमका उलट. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा हा विनामूल्य शोध. त्यात 3 कोटी 70 लाखांहून जास्त नोंदी आहेत, पण त्या वैद्यक आणि जीवशास्त्राच्या आसपासच्या. खगोलशास्त्र किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने इथे वेळ घालवू नये. आरोग्याचा प्रश्न असेल, तर मात्र पबमेडला तोड नाही असं माझं मत आहे, आणि त्याचं श्रेय मेश नावाच्या शब्दव्यवस्थेला जातं. सुमारे 30 हजार ठरावीक संज्ञांची ही यादी आहे. एका लेखकाने ‘व्हिटॅमिन डी’ लिहिलं, दुसऱ्याने ‘कोलेकॅल्सिफेरॉल’, तरी दोन्ही पेपर एकाच वर्गाखाली येतात. तुम्ही साधा शब्द टाकलात तरी पबमेड तो मागच्या मागे योग्य संज्ञेशी जोडून घेतं. मग डावीकडच्या फिल्टरमधून फक्त यादृच्छिक चाचण्या (कुणाला औषध द्यायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेल्या) किंवा फक्त पद्धतशीर समीक्षा (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या रीतीने शोधून तपासणारे पेपर) निवडायच्या. हजारोंची यादी हाताळता येईल एवढी होते, आणि तोच शोध उद्या कुणालाही जसाच्या तसा पुन्हा करता येतो.

पबमेड समजावून मात्र काहीही सांगत नाही. गोषवारा समोर ठेवतं आणि बाजूला होतं. पूर्ण पेपरसाठी कधी पबमेड सेंट्रलची मोफत प्रत मिळते, कधी प्रकाशकाची पैशाची भिंत आडवी येते. अशा वेळी अनपेवॉल हे ब्राउझरचं विस्तारक उपयोगी पडतं. पेपरची कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते ती दाखवतं.

सिमँटिक स्कॉलर 2015 साली अ‍ॅलन इन्स्टिट्यूट फॉर एआयने आणलं. त्याचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे यंत्राने लिहिलेला एका वाक्याचा सार, जो अनेक पेपरांखाली दिसतो. चाळीस पेपरांतून वाचण्याजोगे आठ निवडताना तो खरोखर वेळ वाचवतो. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते: कुठल्या उद्धरणाचा पुढच्या कामावर खरा प्रभाव पडला आणि कुठलं नुसतं प्रस्तावनेत येऊन गेलं, हे ते वेगळं करण्याचा प्रयत्न करतं.

एका वाक्यात काय हरवतं, ते व्हायटलवरून बघा. 25,871 लोक, रोज 2000 आययू (जीवनसत्त्वं मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व किंवा नकली गोळी, पाच वर्षांहून थोडा जास्त पाठपुरावा, आणि हाडं मोडण्याच्या प्रमाणात फरक नाही. सार म्हणून ‘फायदा नाही’ हे वाक्य बरोबरच. पण हे लोक पन्नाशीपुढचे, साधारण निरोगी होते. जीवनसत्त्वाची कमतरता किंवा हाडांची ठिसूळता आहे म्हणून त्यांची निवड झालेली नव्हती. तुमच्या घरातल्या व्यक्तीला डॉक्टरांनी कमतरता सांगितली असेल, तर ही चाचणी तिच्या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. ही ओळ तुम्हाला पेपरातच भेटेल, सारात नाही.

आता एलिसिट आणि कन्सेन्सस, म्हणजे एआयने तयार उत्तर देणारी साधनं. दोघांनाही प्रश्न साध्या वाक्यात विचारता येतो. एलिसिट पेपरांचा तक्ता करून देतं: किती लोक, कुठली मात्रा, काय निष्पन्न झालं. कन्सेन्सस होय-नाही प्रश्नावर पेपरांचा कल किती टक्के कुठे आहे हे मीटरवर दाखवतं. नव्या विषयात पाऊल टाकणाऱ्याला यातून पहिल्या अर्ध्या तासात जी दिशा मिळते, ती मी कमी लेखणार नाही. तक्त्याची कल्पना तर फारच चांगली आहे, कारण रकाने शेजारी आले की कुठला अभ्यास साठ जणांवरचा आणि कुठला हजारोंवरचा हे डोळ्यांत भरतं.

मीटरवर माझा तेवढा विश्वास नाही. पेपरांची मोजदाद म्हणजे पुराव्याचं वजन नव्हे. सात छोटे निरीक्षणात्मक अभ्यास (ज्यांत गोळी दिली जात नाही, लोकांचं फक्त निरीक्षण होतं) ‘होय’ म्हणाले आणि एक प्रचंड यादृच्छिक चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर डोकी मोजून होय जिंकेल. पुराव्याच्या दृष्टीने मात्र नाहीचं पारडं जड असतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पैशाच्या भिंतीआडच्या पेपरांचा बऱ्याचदा फक्त गोषवारा या साधनांना मिळतो, आणि गोषवाऱ्यात लेखक आपला निकाल जरा खुलवूनच मांडतात.

या दोघांनी आणि एका पेपरच्या आसपासच्या पेपरांचा नकाशा काढणाऱ्या कनेक्टेड पेपर्सनेही आपला माल मोठ्या प्रमाणावर सिमँटिक स्कॉलरच्या कोठारातून घेतलेला आहे. त्यामुळे तीन ठिकाणी शोधून तेच पेपर मिळाले, म्हणजे शोध पक्का झाला असं समजू नका. एकाच कोठाराची ती तीन दारं आहेत. सुटलेला पेपर हवा असेल तर कोठारच बदलायला हवं.

शोधाची जोड नसलेल्या चॅटबॉटला संदर्भ विचारणं तर टाळाच. वैज्ञानिक पेपरांवर शिकवलेलं गॅलॅक्टिका हे मॉडेल मेटाने 2022 च्या नोव्हेंबरात खुलं केलं आणि तीन दिवसांत मागे घेतलं, कारण ते न झालेलं संशोधन छातीठोकपणे सांगत होतं.

साइट (scite) या साधनाबद्दल थोडक्यात: एखाद्या पेपरला पुढच्यांनी दुजोरा दिला, विरोध केला की नुसता उल्लेख केला, हे ते वाक्यांसह दाखवतं. याची गरज कुठे पडते ते लस आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणाऱ्या 1998 च्या लॅन्सेटमधल्या पेपरवरून कळतं. 12 मुलांवरचा तो पेपर 2010 साली मागे घेतला गेला. उद्धरणांचा आकडा मात्र फुगलेलाच राहिला, कारण त्याला खोडून काढणाऱ्यांनाही त्याचा संदर्भ द्यावाच लागतो. मागे घेतल्याची खूण पबमेडवर ठळक दिसते. स्कॉलरच्या यादीत ती दिसेलच असं नाही.

तर निवड कशी करायची? स्वतःच्या किंवा घरच्यांच्या आजारासाठी वाचत असाल तर यातल्या कशाच्याही आधी कॉक्रेन लायब्ररी हा आरोग्यविषयक पद्धतशीर समीक्षांचा संग्रह उघडा. तिथल्या समीक्षांना सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला सारांश असतो, आणि तो माणसांनी, अख्ख्या पुराव्याचं वजन करून लिहिलेला असतो. आपल्या प्रश्नावर कॉक्रेनची 2014 ची समीक्षा सांगते की नुसत्या ड जीवनसत्त्वाने हाडं मोडणं टळण्याची शक्यता कमी, पण कॅल्शियमबरोबर घेतल्यास वयस्कांत काही फायदा होऊ शकतो. ‘नुसत्या’ आणि ‘बरोबर’ यांतला हा भेद मला कुठल्याही मीटरवर दिसला नसता. समीक्षा 2014 ची, चाचणी 2022 ची. म्हणून पुढची पायरी पबमेड, 2014 नंतरच्या तारखेच्या फिल्टरसह.

प्रबंधाला विषय शोधणाऱ्याने स्कॉलरपासून सुरुवात करावी, दोन-तीन चांगले पेपर हाती आले की कनेक्टेड पेपर्समध्ये टाकून शेजारचे पेपर बघावेत. आरोग्याबाहेरच्या विषयात एलिसिटचा तक्ता आणि सिमँटिक स्कॉलर ही जोडी मला पुरेशी वाटते. पद्धतशीर समीक्षा लिहिणाऱ्याला मात्र एआयच्या यादीवर थांबता येणार नाही, कारण आपण नेमकं काय आणि कसं शोधलं हे त्याला लिहून दाखवावं लागतं.

प्रश्न महिनोन्महिने सोबत राहणार असेल तर ई-मेल अलर्ट लावून ठेवा. स्कॉलर आणि पबमेड दोन्हीकडे ही सोय आहे. मी आरोग्याच्या प्रश्नांसाठी तो पबमेडवर लावतो, कारण तिथे चाचण्यांचं फिल्टर अलर्टसोबतच जतन होतं आणि पेटीत येतात ते उघडून वाचण्याजोगे मोजके पेपर.