रेडिमेड गेरू कलर: शहाबादीवर झकास, चकचकीत टाइल्सवर पैसे पाण्यात

दिवाळी जवळ आली की रंगाच्या दुकानात आणि ऑनलाइन पण हे गेरू कलरचे डबे दिसायला लागतात, सोबत पांढऱ्या रंगाची छोटी बाटली आणि रांगोळीचे दोन स्टेन्सिल फुकट. कंपनीचं नाव नाही घेत कारण सगळे डबे साधारण एकाच जातीचे. म्हणजे पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक रंग, तेलाचा वास नाही, ब्रश नळाखाली धुतला की साफ.

आमच्याकडे दारासमोर शहाबादी आहे आणि मागे कोब्याचं अंगण, दोन्हीकडे एकदम भारी बसला. फरशी खरखरीत असते ना, रंग आत मुरतो. पहिला हात थोडं पाणी घालून पातळ मारा, पूर्ण वाळू द्या, मग दुसरा दाट. नुसता पाण्यात कालवलेला गेरू दिसायला याच्यापेक्षा छान, हे मी कधीपण म्हणेन, पण तो पायाला लागून घरभर लाल पावलं उठतात आणि दोनदा पुसलं की गेला. त्यात डिंक नाहीतर फेव्हिकॉल घालतात तो त्याचसाठी. हा डबा म्हणजे तेच काम तयार करून दिलंय.

पण लेबलवर "सर्व प्रकारच्या फरशीसाठी" लिहिलंय ते चक्क खोटं. फ्लॅटच्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी शोषतच नाहीत, रंग नुसता वर बसतो आणि नखाने पापुद्रा निघतो. ताईकडे पॉलिश पेपरने घासून लावला तरी कडेने सुटलाच. तसंच पावसाळा संपल्या संपल्या लावायची घाई नको, जमीन आतून ओली असेल तर फोड येतात.

स्टेन्सिल अगदीच पातळ, कडा उचलल्या जातात आणि पांढरा रंग खाली पसरतो. ब्रश नकोच, स्पंज रंगात बुडवून कागदावर टिपून घ्या, जवळजवळ कोरडा झाला की वरून टपटप दाबा, घासू नका, मग गोपद्म आणि लक्ष्मीची पावलं बऱ्यापैकी स्वच्छ उठतात. काही जण पांढऱ्यासाठी ऑइल पेंट वापरतात, तो हळूहळू पिवळा पडतो आणि पायरीवर ओला झाला की माणूस घसरतो, सासूबाई असलेल्या घरात तर अजिबात नको.

आणि खरं सांगू का, ती पर्मनंट रांगोळी मला आवडलीच नाही, पंधरा दिवसात धूळ बसून मळकट दिसते, आणि रोज तेच डिझाइन कोण बघणार! मी फक्त गेरूचा चौकोन ठेवलाय आणि वर रोज हाताने ठिपक्यांची काढते. त्या खरखरीत लालवर पांढरी रांगोळी टाइलपेक्षा कितीतरी उठून दिसते आणि सरकतपण नाही.

कोकणात गोव्यात जुन्या घरांत लाल कोबा बघितला असेल, त्यात रंग सिमेंटमध्येच मिसळलेला असतो म्हणून पापुद्रे निघायचा प्रश्नच नाही, त्याची सर या डब्याला येणार नाही. पण भाड्याच्या घरात कोबा कोण घालून घेणार.

दारापुरता हवा असेल तर अर्धा लिटर पुरे. फ्लॅटवाल्यांनी जुनी शहाबादी फरशी किंवा प्लायचा तुकडा रंगवून दाराशी ठेवावा, थेट टाइलवर नको. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या स्टेन्सिलमुळे कापला.